आमचा पट बावन्नचा

जून १९९६ मध्ये आमचा दहावीचा निकाल लागला. रोह्याच्या आमच्या शाळेत आमच्या तुकडीचा पट ५२ चा होता. पैकी ३१ जण पास झाले, २१ नापास. गुणपत्रिका सर्वांनाच मिळाली, पेढे मात्र एकतीस घरांतच वाटले गेले. आमच्या घरी पेढ्यांना पैसे नव्हते, म्हणून आईने वाडीत साखर वाटली. मला ५८ टक्के पडले होते आणि त्या दिवशी मी स्वतःला फार मोठा समजत होतो.

ह्या बावन्नांत आम्ही बौद्ध मुलेमुली सात. पाच मुलगे आणि दोन मुली. सातांत चार पास, तीन नापास. माझा जिवलग मित्र गणित आणि इंग्रजीत उडाला. तो माझ्याच वरसे गावचा. "माझं नाव छापू नकोस," असे त्याने मला बजावले आहे, म्हणून ह्या लेखात मी त्याला नुसता मित्र म्हणतो. बाकीच्यांचीही नावे ह्याच कारणाने देत नाही.

संध्याकाळी आम्ही सातही जण शाळेच्या मागच्या भिंतीपाशी जमलो. पास झालेल्यांना बोलायची चोरी आणि नापास झालेल्यांना बसायची. शेवटी मुलींपैकी एक म्हणाली, "आता आपण परत कधी भेटणार?" तिचे बरोबर होते. त्या काळी आमच्यापैकी कोणाच्याही घरी फोन नव्हता. बारावीला जाणारा एका वाटेला, कामाला लागणारा दुसऱ्या वाटेला. मुलींचे तर लग्नाचे बोलणे दहावीच्या परीक्षेआधीच सुरू झालेले.

तोडगा काढला तो नापास झालेल्या माझ्या मित्राने. तो म्हणाला, "दर वर्षी वीस मार्चला आपल्या घरची माणसं महाडला जातातच ना? आपण पण जायचं. तळ्याच्या पायऱ्यांपाशी, अकरा वाजता. ज्याला जमेल त्याने यायचं."

ह्या साप्ताहिकाच्या वाचकांना २० मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि पुढे मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. ती परिषद महाडला भरवण्यात पुढाकार घेणारे रा. बा. मोरे आपल्या रायगड जिल्ह्यातलेच. त्यांना लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेत नुसता प्रवेश मिळवण्यासाठी झगडावे लागले होते. आम्ही सात जण इतरांच्या बरोबरीने बाकावर बसून शिकलो ते ह्या माणसांमुळे. हे सगळे मला नंतर कळले. त्या दिवशी आम्हाला एवढेच कळत होते की महाडला जायला घरचे नाही म्हणणार नाहीत. मुलींनाही नाही.

पहिली भेट २० मार्च १९९७ ची. सत्याग्रहाला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती, गर्दी ही एवढी. रोह्याहून एस. टी. ने कोलाड, माणगाव, लोणेरे करत महाडला पोचायला तेव्हा दोन-अडीच तास लागत. (पुढे मुंबई-गोवा रस्त्याचे रुंदीकरण सुरू झाले, तेव्हापासून तर विचारूच नका.) सातांपैकी पाच जण आले. पायऱ्या उतरून पाण्याला हात लावला, वर येऊन भाकऱ्या सोडल्या, कोण काय करतो ते सांगितले आणि आपापल्या माणसांबरोबर परत गेलो. सगळे मिळून तासाभराचे काम. तरी वर्षभर पुरले.

पुढची दहा वर्षे हा नेम टिकला तो मित्रामुळे. दर फेब्रुवारीत तो पोस्टकार्डे आणी, पंधरा पैशांना एक मिळे तेव्हापासून. सगळ्यांवर एकच मजकूर: 'सप्रेम जयभीम. वीस मार्च, अकरा वाजता, पायऱ्यांपाशी. आला नाहीस तर ख्याली-खुशाली कळव.' अक्षर कोंबडीच्या पायाचे, पण पत्ता मात्र पिन कोडसकट. शंभर पानी वहीत त्याने नुसते आम्हा सातांचे नव्हे तर तुकडीतल्या बावन्नच्या बावन्न जणांचे पत्ते लिहिले होते. मी विचारले, "अरे, बाकीचे काय महाडला येणार आहेत?" तर म्हणाला, "येऊ देत नाही तर नको येऊ देत. वर्ग बावन्नचा होता ना?"

स्वतः तो तोवर धाटावच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला होता. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसला, इंग्रजी सुटले, गणित राहिले. मग कामाच्या पाळ्यांत अभ्यास जमेना. रसायनांच्या गोणी उचलून त्याच्या हाताची कातडी सोलायची. पोस्टकार्डे तो सुट्टीच्या दिवशी लिही.

त्या वहीत एक अडचण होती, ती मुलींची. तुकडीत १९ मुली. एकेकीचे लग्न झाले की आडनाव बदले, कित्येकींचे पहिले नावसुद्धा. सासरचा पत्ता माहेरचे लोक देत नसत. "तुला कशाला हवा?" हा प्रश्न ठरलेला. आपण धम्म घेतला, पंचशील घेतले, पण लग्नात सुनेचे नाव बदलायची हौस आपल्याही घरांतून गेली नव्हती, हे लिहिल्यावाचून मला राहवत नाही. मित्राने ह्यावर उपाय काढला. तो मुलीच्या आईला भेटे आणि म्हणे, "आई, पत्ता नको. हे कार्ड तुम्हीच पुढच्या वेळी लेकीला द्या." कार्डे अशी सहा-सहा महिन्यांनी पोचत. पण पोचत.

ह्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. २६ जुलै २००५ चा पाऊस आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ह्या गावांवर दरडी कोसळल्या. आमच्या सातांतली एक त्या भागात दिलेली. फोन बंद, एस. टी. बंद. तिची म्हातारी आई रोज रस्त्यावर येऊन बसे. मित्राने वरसे गावातली चार पोरे गोळा केली, बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे घेऊन मिळेल त्या ट्रकने निघाला, आणि पुढे चालत गेला. सासरचे नाव त्याला ठाऊक होते म्हणून ती सापडली. एका शाळेत आसरा घेऊन राहिली होती, मुले धडधाकट होती. घर चिखलाखाली गेले होते. मित्राने परत येऊन तिच्या आईला एवढेच सांगितले, "आहे." त्या शब्दासाठी नऊ वर्षांची पोस्टकार्डे खर्ची पडली होती असे मला वाटते.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला जड जाते.

२००० सालच्या अखेरीस मी बी. कॉम. च्या शेवटच्या वर्षाला होतो. वडील आजारी पडले, घरात पैसा उरला नाही, आणि परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आली. मी कोणाला बोललो नव्हतो. एका रात्री मित्र दुसऱ्या पाळीवरून सुटून थेट आमच्या दारात आला आणि अकराशे रुपये माझ्या हातात ठेवले. त्याची भिशी लागली होती. बहिणीच्या लग्नासाठी तो ती भरत होता, हे मला नंतर कळले. मी म्हटले, "परत कधी देऊ?" तो म्हणाला, "तू पास हो. आपल्यातला एक तरी पदवीधर होऊ दे, मग बघू."

बाबासाहेबांच्या चरित्रातली एक गोष्ट तेव्हा मी वाचलेली होती, पण त्या रात्री ती नीट समजली. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा तिथे नवल भथेना नावाचे एक पारशी विद्यार्थी त्यांचे मित्र झाले. शिक्षण संपले, वाटा वेगळ्या झाल्या, मैत्री राहिली. पुढे १९२० साली लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला निघताना बाबासाहेबांजवळ स्वतःची थोडी शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती, आणि भथेनांनी उसने दिलेले पाच हजार रुपये होते. १९२० सालचे पाच हजार! त्यातून १९२१ ची एम. एस्सी. आणि १९२३ ची डी. एस्सी. झाली. पुढे १९३० साली, गोलमेज परिषदेच्या वेळी, कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रात बाबासाहेबांविषयी मजकूर आला. आपल्याला आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गबंधू आणि तिथले थोर प्राध्यापक, असे त्यांनी म्हटल्याचे त्यात नोंदले आहे. ज्यांना लहानपणी शाळेत गोणपाटावर वेगळे बसवले गेले, त्यांच्या तोंडचे हे उद्गार. आणि ५ जून १९५२ रोजी त्याच विद्यापीठाने आपल्या ह्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावून डॉक्टर ऑफ लॉज ही पदवी दिली. तेव्हा, जुन्या वर्गाशी संबंध ठेवणे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपल्यातल्या कोणी समजू नये.

मी २००१ ला पदवीधर झालो, २००३ ला लिपिक म्हणून नोकरीला लागलो. पहिल्या पगारातून पाचशे रुपये मित्राला नेऊन दिले. उरलेले सहाशे त्याने घेतले नाहीत. "राहू देत तुझ्याकडे. माझी पोर दहावी झाली की दे," म्हणाला. पोर तेव्हा जन्मलीही नव्हती. त्याचे लग्न त्याच वर्षी झालेले.

नोकरीबरोबर मी समाजकार्यातही पडलो. सुरुवातीला शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, पडताळणीची कागदपत्रे अशी कामे. मग सभा, मग व्यासपीठ. बोलता येत होते, बी. कॉम. होतो, लोक पुढे करू लागले. २००८ पासून २० मार्चला महाडलाच मी असे, पण मंडपात. बिल्ला लावून, वक्त्यांच्या यादीत नाव पाहून. अकरा वाजता पायऱ्यांपाशी जायचे राहून जाई. पहिल्या वर्षी वाईट वाटले. दुसऱ्या वर्षी कमी वाटले. अशी पाच वर्षे गेली.

२०१० साली मी भाषण करून खाली उतरलो तर मित्र मंडपाच्या कडेला उभा. मला म्हणाला, "काय साहेब, पायऱ्या लांब पडतात का हल्ली?" मी हसण्यावारी नेले. तो म्हणाला, "तो आलाय. शुद्धीत आलाय. तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

तो म्हणजे आमच्या सातांतला सर्वांत हुशार मुलगा. दहावीला ७१ टक्के. त्याच्याकडे बघून मास्तर आम्हाला शिकवत. बारावीनंतर मुंबईला गेला, काय बिनसले ठाऊक नाही, दारूला लागला. त्या दिवशी तो पिऊन आला नव्हता आणि माझी वाट बघत पायऱ्यांवर बसला होता. मला पुढच्या सभेला गाडी लावून दिलेली होती. मी म्हटले, "त्याला सांग, रविवारी घरी ये." रविवारी तो आला नाही. मीही चौकशी केली नाही. २०११ च्या पावसाळ्यात तो गेला. मित्राने खांदा दिला. मला तिसऱ्या दिवशी कळले. आता त्याच्या नावामागे कालकथित लावायचे एवढेच माझ्या हातात उरले.

त्याला माझ्याशी काय बोलायचे होते, हे मी मित्राला पुष्कळदा विचारले आहे. "मला नाही सांगितलं," असेच तो म्हणतो. मला वाटते, त्याला ठाऊक आहे.

२०१३ पासून मी पुन्हा पायऱ्यांपाशी जाऊ लागलो. व्यासपीठावर बोलावले तर दुपारनंतर येतो म्हणतो. त्यामुळे वक्त्यांच्या यादीतून माझे नाव हळूहळू गळाले, ते बरेच झाले.

मग मोबाईल आले. २०१६ साली आमच्या तुकडीतल्या कोणी तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला. महिन्याभरात चौतीस जण जमले. वीस वर्षांनी एकमेकांचे टक्कल, पोट, पोरे पाहून मौज वाटली. कोणी बदलापूरला, कोणी आखातात, कोणी रोह्यातच दुकानावर. रोज सकाळी फुलांची चित्रे. पण १४ एप्रिलला मी फोटो टाकला तर चौतिसांत चौघांनी हात जोडले, बाकीचे गप्प. पुढे एकाने सवलतींवरून एक हिणकस विनोद टाकला. मी ग्रुप सोडणार होतो, बोट टेकवलेही होते. तेवढ्यात तुकडीतल्या एका आगरी मुलीने (मुलगी कसली, आता आजी व्हायला आली आहे) लिहिले, "ह्याच्या बाजूला बसून तू गणिताचा पेपर बघून लिहिलास, तेव्हा सवलत कोणी घेतली?" विनोद टाकणाऱ्याने तो पुसला. माफी मागितली नाही. मी राहिलो. राहिलो ते बरे केले की नाही, ह्यावर माझे आणि माझ्या पत्नीचे अजून एकमत नाही.

माझा मित्र त्या ग्रुपवर नव्हता. त्याच्याकडे बटणांचा फोन.

२०२१ ला पंचवीस वर्षे भरली, पण कोरोनामुळे मेळावा पुढे ढकलला. शेवटी डिसेंबर २०२२ ठरला. वर्गणी माणशी बाराशे, टी-शर्ट, जेवण, मास्तरांचा सत्कार. तयारीच्या बैठकीत मी मित्राचे नाव घेतले. यादी करणारा म्हणाला, "तो नापास झाला होता ना? ही शहाण्णवच्या पास बॅचची यादी आहे." वाईट हेतूने नव्हे, सहज म्हणाला. शाळेतून त्याला तसाच कागद मिळाला होता. आणि वाचकहो, मी गप्प बसलो. वीस वर्षे सभा गाजवणारा मी, चहाचा कप हातात धरून गप्प बसलो.

त्या रात्री मी मित्राकडे गेलो. वहिनींनी चहा टाकला. मी त्याला वही मागितली. पत्र्याच्या पेटीतून त्याने ती काढली. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. पण बावन्न नावे होती. बहुतेकांपुढे तीन-तीन, चार-चार पत्ते खोडून नवे लिहिलेले. सहा नावांभोवती चौकट, ते आता नाहीत. मुलींच्या नावांपुढे सासरची नावे, काहींपुढे नुसते 'आईकडे चौकशी'.

पुढच्या बैठकीला मी ती वही नेली आणि शाळेत हजेरी घेत तशी वाचली. एकपासून बावन्नपर्यंत. विसाव्या नावापर्यंत लोक हसत होते, नंतर हसायचे थांबले. कित्येकांना आठवतच नव्हते की हाही आपल्यात होता. त्या यादीवरून आणखी अकरा जण सापडले. दोघे धाटावलाच कामाला होते, आमच्या यादीवाल्याच्या घरापासून दोन मैलांवर. वर्गणी ज्याला जमेल त्याने, असे ठरले.

मेळाव्याला मित्र आला नाही. त्याची दुसरी पाळी होती. सुट्टी घेतली तर ठेकेदार खाडा लावतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी टी-शर्ट घेऊन गेलो. मागे 'आम्ही ९६ चे' असे छापलेले. त्याने तो घडी करून ठेवला. मी म्हटले, "घाल की." तो म्हणाला, "कामावर खराब होईल."

त्याची थोरली पोर २०२३ ला दहावी झाली. गणितात ८१. मी सहाशे रुपये पाकिटात घालून घेऊन गेलो. वीस वर्षांपूर्वीचे सहाशे, व्याजाचे बोलायची माझी हिंमत नव्हती. त्याने पाकीट उघडून मोजले, पोरीला दिले आणि म्हणाला, "हे काकांकडे ठेवायला दिले होते." ती आता कॉमर्सला आहे. हिशेबाच्या शंका घेऊन माझ्याकडे येते.

२० मार्च २०२७ ला सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. महाडला पाय ठेवायला जागा मिळणार नाही, हे नक्की. आम्ही सातांतले सहा उरलो आहोत. एक रेल्वेत आहे, तो चिपळूणहून गाडीने वीर स्टेशनला उतरून येतो. एक अंगणवाडी सेविका आहे, आणि दरडीतून वाचलेली आमची बहीण तर महाडचीच. परवा मित्राला विचारले, तू यंदाही कार्डे टाकणार का, आता सगळ्यांकडे फोन आहेत. तो म्हणाला, कार्डे आणून ठेवली आहेत, पण मजकूर बदलायचा आहे. अकराला गर्दीत कोणी कोणाला सापडणार नाही. साडेसात लिहू या.